ग्रॅपल सरांचा नियम

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ‘ग्रॅपल’, म्हणजे झोंबी घेणे, हा इंग्रजी शब्द ज्यांनी आजवर अंगाला माती न लावता वापरला असेल, त्यांचा तो वापर रद्दबातल ठरलेला आहे. मग तो मंत्र्याने महागाईबद्दल वापरलेला असो, संपादकाने अग्रलेखात वापरलेला असो, की जावयाने सासऱ्यासमोर इंग्रजी झाडताना वापरलेला असो. अपील चालणार नाही.

हा कायदा विधानसभेत झालेला नाही. तो झाला नागपुरातल्या आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात, एका कडुनिंबाखाली, आणि तो करणारे गृहस्थ तिथे इंग्रजी शिकवत असत. या कायद्याखाली पकडलेल्या आरोपींपैकी मी एक. माझा डावा खांदा दर हिवाळ्यात त्याची साक्ष देतो.

सत्तरनंतरची गोष्ट. मी भूगोलाचा मास्तर म्हणून नुकताच चिकटलो होतो. शाळा प्रताप नगरच्या पलीकडे होती, आणि प्रताप नगर म्हणजे तेव्हा चुन्याने आखलेले प्लॉट, त्यांत उगवलेल्या बाभळी आणि त्या बाभळींखाली बसून बंगले व्हायची वाट पाहणाऱ्या म्हशी. पहिल्याच दिवशी मधल्या सुटीत हेडमास्तरांनी मला विचारलं, कसं काय चाललंय? सगळी स्टाफरूम ऐकत होती. आपलं इंग्रजी दाखवायची याहून चांगली संधी कोणती? मी कॉलर सारखी केली आणि म्हणालो, “सर, आय अ‍ॅम ग्रॅपलिंग विथ द टाइमटेबल.”

इतिहासाच्या मास्तरांनी कप खाली ठेवला. हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्याची प्रेतयात्रा जाताना दिसावी तसा भाव आला.

कोपऱ्यातली खुर्ची कुरकुरली. तिच्यातून एक माणूस उठत गेला. बराच वेळ उठत गेला. डोक्याइतकीच रुंद मान, आणि दोन्ही बाजूंना कुस्तीत चुरगळून चुरगळून मुगवड्यांसारखे झालेले कान. अंगात पांढरा बुशशर्ट, काखेत लाल कापडात बांधलेली डिक्शनरी. ते लाल कापड म्हणजे त्यांचा जुना लंगोट होता, हे मला नंतर कळलं. धुतलेला होता, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

“नवीन हाये?” त्यांनी हेडमास्तरांना विचारलं. टरबूज घेताना ‘गोड हाये?’ असं विचारावं तसं.

“भूगोल,” हेडमास्तर हळूच म्हणाले.

“या गा भूगोल,” ते मला म्हणाले आणि माझं कोपर त्यांनी असं काही धरलं की उरलेला मी आपोआप बरोबर गेलो.

मागच्या अंगणात एक हौदा होता, म्हणजे कुस्तीसाठी खणलेला आणि मऊ मातीने भरलेला खड्डा. माती खापा गावाकडून बैलबंडीने आणवलेली, त्यात ताक, हळद आणि तेल घालून मळलेली. सरांनी बुशशर्ट काढून घडी करून कडुनिंबाच्या फांदीवर ठेवला, मला माझा काढायला लावला, आणि मग त्यांनी जे केलं त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. ओंजळभर माती घेऊन त्यांनी ती माझ्या मानेला, खांद्यांना, दंडांना लावली. तान्ह्या पोराला तेल लावावं इतक्या हळुवारपणे. मग स्वतःची मान माझ्यापुढे वाकवली.

“लावा.”

मी दोन बोटांनी टिळा लावल्यासारखी लावली.

“हळदीकुंकू हाये काय? घोटून लावा. नाही तं पकड सुटन.”

मी घोटून लावली. त्यानंतर जे घडलं ते फार थोडक्यात घडलं. तेवढ्या वेळात मी पृथ्वी सर्व दिशांनी पाहिली, आणि उत्तर गोलार्ध खाली असतानाही पाहिली. शेवटी आकाश दिसलं, कडुनिंब दिसला, आणि त्याच्या मधोमध सरांचा प्रेमळ चेहरा.

“आता म्हणा,” ते माझी पाठ झटकत म्हणाले, “ग्रॅपलिंग विथ टाइमटेबल. आता तुमाले हक्क हाये.”

हा त्यांचा नियम. आधी लिटरल, मग फिगरेटिव्ह. शब्दाचा सरळ अर्थ आधी अंगाने करून दाखवायचा, त्यानंतरच त्याचा अलंकारिक अर्थ तोंडाने काढायचा. ते म्हणत, “शब्द हाडातून गेला पाह्यजे. नुसता डोक्यातून गेला तं सर्दीसारखा नाकातून निघून जाते.”

नियम सगळ्या इंग्रजीला लागू होता. ‘ब्रेक द आइस’ शिकवायच्या दिवशी त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बर्फाची लादी बांधून आणली आणि वर्गातल्या एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन पोट्ट्यांना ती फोडायला लावली. फोडता फोडता त्यांची दोस्ती झाली की नाही ठाऊक नाही, पण सगळ्या वर्गाने बर्फ खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग खोकत होता. ‘बीट अबाउट द बुश’साठी त्यांनी नववी ‘ब’ प्रताप नगरच्या बाभळीत नेली आणि हातात काठ्या देऊन झुडपाच्या अवतीभवती बडवायला लावलं. झुडपातून घोरपड निघाली. त्या वर्गातलं कोणीही पुढच्या आयुष्यात मुद्दा सोडून बोललं नसेल, याची मला खात्री आहे. विषय टाळला की काय बाहेर येतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

पण त्यांचा जीव होता तो ‘ग्रॅपल’वर. पोरांनी त्यांचं नावच ग्रॅपल सर ठेवलं होतं, आणि हे नाव आपल्याला ठाऊक नाही असं दाखवताना त्यांना होणारा आनंद लपत नसे.

एकदा स्नेहसंमेलनात हेडमास्तर पाहुण्यांसमोर इंग्रजीत भाषण करायला उभे राहिले. भाषण रंगात आलं. “वी मस्ट ग्रॅपल विथ द प्रॉब्लेम ऑफ इनडिसिप्लिन,” हेडमास्तर गरजले. मंडपाच्या शेवटच्या रांगेत एक रुंद हात वर झाला.

“सर, लिटरल झालं काय?”

हेडमास्तरांनी पाणी मागितलं. पुढच्या वर्षी त्यांनी हुशारीने ‘टॅकल’ हा शब्द घातला. पुन्हा हात वर. “तो फुटबॉलातला हाये सर. ग्राउंड मोकळं हाये.” तिसऱ्या वर्षी हेडमास्तरांनी सगळं भाषण शुद्ध मराठीत केलं. आमच्या शाळेत मातृभाषेचा उत्कर्ष असा घडून आला.

वर्गात ते ग्रॅपल कसं शिकवत? पोरांना हौद्यावर नेऊन जोड्या लावत. मुली काठावर बसून एकमेकींची मनगटं धरत आणि सोडवून घेत. सर मधोमध उभे राहून ओरडत, “ग्रॅपलची पहिली पायरी कोणती?”

“पकड!” नवीन पोरं म्हणत.

“भैताड हो! पहिली पायरी माती. समोरच्याले माती लावा. काहून? तो घामानं निसटू नये म्हणून. मंग तो तुमाले लावते. काहून? तुमी निसटू नये म्हणून. म्हणजे तुमी त्याले काय सांगून राहिले? मले पकड, मी पळत नाही. हे डिक्शनरीत नाही. डिक्शनरीवाल्यानं हौदा पाह्यला नव्हता. माती न लावता पकडते तो पैलवान नाही, खिसेकापू हाये!”

हे सगळं व्याख्यान शिवणकामाच्या वर्गात जसंच्या तसं ऐकू जाई, कारण त्या खोलीची खिडकी नेमकी हौद्यावर उघडत असे.

त्या खिडकीत शिवणाच्या बाई असत. पस्तिशीच्या, अंगाने काटकुळ्या, गळ्यात मोजायची टेप, पदराला टाचण्यांची रांग, आणि जीभ कात्रीला लाजवणारी. धाकट्या भावंडांचं शिक्षण, लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. गावाकडे, खाप्याला, संत्र्यांचा बगीचा असलेलं शेतकऱ्याचं घर. इथे त्या एका खोलीत एकट्या राहत, आणि शाळेच्या पायमशीनवर मुलींना झबली, पोलकी, परकर शिकवत.

“ओ सर!” खिडकीतून आवाज येई. “तुमच्या पोट्ट्यांची माती माया पोलक्यांवर येऊन राहिली!”

“यस मॅडम.”

“यस काय? पाणी मारा नं हौद्याले.”

“यस मॅडम.”

हेडमास्तरांची वाचा बसवणाऱ्या या माणसाकडे बाईंसाठी सगळ्या इंग्रजी भाषेतून हे दोनच शब्द उरत. बोलताना ते पायांच्या अंगठ्यांकडे पाहत. अंगठे मोठे होते, पण इतके काही पाहण्यासारखे नव्हते.

मात्र दर सोमवारी त्यांच्या बुशशर्टाचं एक बटन तुटे. ते तुटलेलं बटन हातात घेऊन शिवणाच्या खोलीच्या दारात उभे राहत आणि न बोलता तळहात पुढे करत. बाई शर्ट अंगावर असतानाच बटन टाचून देत, सुई ओढताना पुटपुटत, “मिलमधल्या माणसाची बी एवढी बटनं तुटत नाही,” आणि सर श्वास रोखून कडुनिंबाकडे पाहत. सरांची बटनं एवढी नाजूक का, हा प्रश्न मला सुटत नव्हता. एका सोमवारी मी सायकल लावायला गेलो तर टिनाच्या शेडमागे सर पाठमोरे उभे. आखाड्यात माणसं उचलणारी ती बोटं अतिशय काळजीने, कापड फाटू न देता, एक बटन पिळून पिळून काढत होती. मी आलो तसा मागे फिरलो. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या स्टाफला कळलेली होती. मी फक्त एकालाच सांगितलं होतं. बाकीच्यांना आधीपासून ठाऊक होतं.

एका शनिवारी शाळा अर्धी सुटल्यावर सर हौद्यात पाणी मारत होते आणि मी काठावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होतो. शिवणाच्या खोलीत मशीन चालू होतं. बाई बहुधा कुणाचं तरी कापड संपवत होत्या. मी सहज विचारलं, “सर, पकड कळली, डाव कळले, पण मातीचं एवढं काय घेऊन बसता?”

त्यांनी बादली खाली ठेवली.

“आमचं गाव खाप्याच्या अल्याड. लहानपणी आमाले आखाड्यात येऊ देत नव्हते. पण मी अंगानं असा, तं जत्रेतल्या कुस्तीले लोकच ओढून न्यायचे. तमाशा पाह्याले. मी माती घेऊन समोरच्याच्या मानेले लावाले गेलो, तं तो मांगं सरके. अन् मले माती लावाची तं तो दुरून फेके. कुत्र्याले भाकर फेकते तशी.”

“मग?”

“मंग काय, पाडलं त्याले. ढाक लावली, चीत केलं. लोकायनं टाळ्या वाजवल्या. पण भूगोल, ते ग्रॅपल नव्हतं. ते नुसतं पाडणं होतं. मानेले हात नाही लावला तं कुस्ती कशाची?” त्यांनी बादलीची कडी सारखी केली. “छप्पनले बापाच्या खांद्याले खांदा लावून इथं नागपूरले दीक्षा घेतली. वापस जाऊन बापानं घरामांगं खड्डा खणला. पह्यल्यांदा मले मानेले माती लावली कोणी, तं माया बापानं. पांढऱ्या कपड्यात होता. सगळे कपडे खराब करून घेतले.”

एवढं बोलून त्यांनी पुन्हा पाणी मारायला घेतलं. मी शेंग फोडायची विसरलो होतो. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मशीनचा आवाज येत नाहीये. केव्हा थांबला होता कुणास ठाऊक. बराच वेळ तो आलाच नाही. मग आला तो अडखळत, चार टाके पुढे आणि थांबा, चार टाके पुढे आणि थांबा.

सोमवारी बाईंनी मला सायकलशेडपाशी गाठलं.

“काहो भूगोल सर, थे माती मानेलेच काहून लावते?”

“पकड मानेपासून सुरू होते म्हणे.”

“अन् लावून घ्याची असंन तं?”

“तर मान वाकवावी लागते.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि टाचण्या सारख्या करत निघून गेल्या.

त्या दिवशी सरांचं जे बटन टाचून मिळालं ते दुहेरी दोऱ्याचं, गाठीवर गाठ मारलेलं. “आता हे तुटलं तं शर्ट फाटन,” बाईंनी बजावलं. पुढच्या सोमवारी शर्ट फाटला. बाईंनी ठिगळ लावून दिलं. त्याला दुप्पट वेळ लागला आणि दोघांचीही तक्रार नव्हती.

हे असंच चालत राहिलं असतं, शर्टाचं कापड पुरेल तोवर. पण परीक्षा आटोपल्या आणि बाईंनी राजीनामा दिला.

खाप्याच्या भावाची बायको अंथरुणाला खिळली होती. घरात बाईमाणूस हवं, म्हणून भावाने बोलावलं होतं, आणि बोलावलं म्हणजे कायमचं. शनिवारी निरोपसमारंभ, तिथेच भाऊ घ्यायला येणार, संध्याकाळच्या बसने दोघं जाणार. मी बाईंना म्हणालो, “बाई, नोकरी सोडून? नाही म्हणा की.”

बाई कापडाच्या चिंध्या पिशवीत भरत होत्या. “काय म्हणून नाही म्हणू? भाऊ विचारन, इथं कोण हाये तुह्यं? पायमशीन?” एक चिंधी त्यांनी उगाच दोनदा घडी केली. “कोणी हाये म्हणता आलं असतं तं म्हटलं असतं जी.”

आता याहून स्पष्ट बोलायचं तर फळ्यावरच लिहावं लागलं असतं. मी धावत हौद्यावर गेलो. सर काठावर बसून डिक्शनरी सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

“सर, बाई निघाल्या.”

“ठाऊक हाये.”

“मग त्यांच्याशी बोला! एवढं आयुष्य ग्रॅपल, ग्रॅपल करता, आता हा प्रश्न समोर आलाय तर त्याच्याशी ग्रॅपल करा!”

सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की एवढ्या मोठ्या देहात एवढी केविलवाणी नजर कुठे ठेवलेली होती, असं वाटलं.

“कसं करू गा भूगोल? हे झालं फिगरेटिव्ह. अन् फिगरेटिव्हच्या आधी लिटरल पाह्यजे. आता बाईमाणसासंगं लिटरल कसं करू? हौद्यात उतरवू त्यायले?”

हा माणूस चेष्टा करत नव्हता. स्वतःच्याच डावात सापडून, स्वतःच स्वतःला दाबून बसला होता.

“एवढ्यापुरती सूट द्या सर, नियमाला!”

“आज सूट दिली तं उद्या हेडमास्तर सुटन.”

“सुटू द्या!”

ते डिक्शनरीवरच्या लंगोटाच्या गाठीशी चाळा करत बसले. मग एकदम आवाज उतरवून म्हणाले, “तुमी तं नकाशे शिकवता. तिचं घर खाप्याच्या कोणत्या अंगाले, आमचं गाव कोणत्या अंगाले, पाहा एकदा काढून. मधात नुसता रस्ता नाही. उद्या मी हात पुढं करीन अन् समोरचं माणूस मांगं सरकन. जत्रेत सोसलं. इथं नाही सोसणार.”

मी बादली उचलली आणि त्यांच्या हौद्यात पाणी मारायला घेतलं.

शनिवार उजाडला. स्टाफरूममध्ये टेबलं जोडून वर चादर घातली होती. चिवडा, संत्रा बर्फी, शाल, नारळ. मधल्या खुर्चीवर बाई, गळ्यात सवयीने राहिलेली टेप. शेजारी भाऊ, पांढराशुभ्र पायजमा-कुडता, पायाशी बाईंची ट्रंक, दर थोड्या वेळाने मनगटावरच्या घड्याळाकडे नजर. हेडमास्तरांनी भाषण केलं, मराठीत. त्यांनी बाईंची तुलना सुई, दोरा, कात्री आणि शेवटी गंगेशी केली. भावाने जांभई दिली. सर कुठेच नव्हते.

“आणखी कोणी दोन शब्द?” हेडमास्तरांनी विचारलं. कोणी उठेना.

“चाल वं बाई,” भाऊ ट्रंकेच्या कडीला हात घालत म्हणाला, “बस चुकन.”

बाई उठल्या. अगदी सावकाश उठल्या. पदर सारखा केला, टाचण्या चाचपल्या, शाल घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

तेवढ्यात दारातला उजेड गेला. दारात सर होते.

त्यांच्या बुशशर्टाला एकही बटन नव्हतं. एकही नाही. शर्ट दोन्ही बाजूंना पडद्यासारखा उघडा, आत गंजीफ्रॉक, आणि पुढे केलेल्या तळहातावर सगळीच्या सगळी बटनं. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, आणि तिच्या बोटांच्या फटींतून ताकाहळदीत मळलेली माती स्टाफरूमच्या फरशीवर सांडत होती.

“हं, सर, दोन शब्द बोला,” हेडमास्तर सवयीने म्हणून गेले.

सरांचे दोन शब्द सगळ्यांना ठाऊक होते. पण ते सुद्धा निघेनात. ओठ हलले. घाम फुटला. “मॅडम,” ते म्हणाले. मग, “तुमी... मी... जाऊ नका...” आणि पुढचं वाक्य जिभेवर येईना तेव्हा त्यांच्या देहाने, बिचाऱ्याने, त्याला जे येत होतं ते केलं. गुडघे किंचित वाकले. पाय रुंद झाले. हात पुढे आले. स्टाफरूमच्या मधोमध, चिवड्यासमोर, आमच्या शाळेच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी पैलवानाचा पवित्रा घेतला. बटनं टपाटप खाली पडली आणि टेबलाखाली घरंगळत गेली.

भाऊ ताडकन उभा राहिला. “ओ! हे काय चालवून राहिले? कोण हाये हा माणूस?”

सरांनी भावाकडे पाहिलं. कान लाल झाले. मातीने भरलेली ती मूठ हळूहळू खाली जाऊ लागली. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. मी त्यांना पहिल्यांदाच मागे सरकताना पाहत होतो.

बाईंनी शाल टेबलावर टाकली. भावाचा हात बाजूला सारला. गळ्यातली टेप ओढून काढली, खुर्चीवर फेकली, तरातरा चालत सरांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या, पदर खांद्याशी घट्ट धरला, आणि सगळ्या स्टाफसमोर, हेडमास्तरांसमोर, सख्ख्या भावासमोर मान खाली वाकवून जवळजवळ ओरडल्याच,

“अवो, नुसते उभे काय राहिले? आधी माती तं लावा!”